आमच्या घरात ‘इथे’ चालत नाही

१

आमच्या घरात हाक मारली की पाठोपाठ पत्ता सांगावा लागतो. "अहो! स्वयंपाकघरात!" "अहो! जिन्यात, दिवा गेलाय!" नुसतं "अहो" म्हटलं तर आमचे हे जागच्या जागी उभे राहून चहूकडे बघत बसतात. आणि त्यांनी "कुठे आहेस?" विचारल्यावर "इथे" म्हणून तर मुळीच भागत नाही. लग्न झाल्या झाल्या मी एकदा "इथे, इथे" म्हणत राहिले आणि हे मला शोधत गच्चीवर जाऊन आले. मी न्हाणीघरात होते, अंगाला साबण लावून, पाणी गेलं म्हणून बोंबलत. त्या दिवशी मी ‘इथे’ हा शब्द घरातून हद्दपार केला. पुढे लेक झाली, तिलाही नीट बोलता यायच्या आधी पत्ता सांगायला शिकवलं.

ह्यांना लहानपणी गालगुंड झालं होतं, त्यात डावा कान गेला. कमी झाला वगैरे नाही, पुरता गेला. एका कानाच्या माणसाला ऐकू येतं, पण कुठून येतंय ते कळत नाही. त्यासाठी दोन कान लागतात. म्हणून मी कायम ह्यांच्या उजवीकडे. चालताना उजवीकडे, जेवताना उजवीकडे, झोपताना उजवीकडे. मी ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे घरची गाडीही मीच चालवते, म्हणजे तिथेही आपोआप उजवीकडेच. लग्नाकार्यात माझ्या जागेवर कुणी बसलं तर मी सरळ उठवते. एकदा सासूबाईंना उठवलं होतं. त्या पुढे वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होत्या, बोलू देत.

आता उजवा कानही चालला. डॉक्टरीणबाईंनी कानातलं मशीन दिलं आणि बजावलं, "दिवसभर घालायचं. नाही घातलं तर कान शब्द विसरतो. आवाज येईल, पण अर्थ लागणार नाही. आणि एकदा विसरला की परत शिकत नाही."

परतताना गाडीत हे म्हणाले, "बाकीचं सगळं गेलं तरी चालेल गं. तुझा आवाज तेवढा शेवटपर्यंत राहू दे."

पण मी रडणाऱ्यातली नाही. म्हटलं, "शेवट-बिवट काही नाही, उगाच नाटकं करू नका." आणि घराकडचं वळण सोडून गाडी होम थिएटरच्या दुकानापुढे नेऊन उभी केली. जेवढं ऐकू येतंय तेवढं आम्ही चांगलं, मोठं आणि नाकावर टिच्चून ऐकणार होतो.

२

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना ऐकू येत नाही आणि तू होम थिएटर घेतेयस? टीव्हीचा आवाज वाढव की."

"टीव्हीचा आवाज वाढवला की शेजारणीला ऐकू येतं, तुझ्या बाबांना नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुकानदार चाळिशीचा, गंभीर चेहऱ्याचा, आणि दर वाक्याला ‘डेसिबल’ म्हणायचा. म्हणून मी त्याचं नाव डेसिबल ठेवलं. त्याने आधी आम्हाला छतातले स्पीकर दाखवले. "काकू, पडद्यावर पाऊस आला की तुमच्या छतातून पडेल."

"आमच्या छतातून तसाही पडतो. पुढचं दाखव."

मग त्याने एक गंमत दाखवली. सगळे स्पीकर बंद करून फक्त डावा-उजवा चालू ठेवला. एक बाई काहीतरी वाचत होती. आणि आवाज डावीकडून नाही, उजवीकडून नाही, अगदी मधोमध येत होता. तिथे एक रिकामं स्टूल होतं. शपथेवर सांगते, त्या स्टुलावर कुणीतरी बसून वाचतंय असंच वाटत होतं. मी उठून स्टुलावर हात फिरवून पाहिला.

"तिथे काहीच नाहीये," डेसिबल खुशीत म्हणाला. "दोन्हीकडून सारखा आवाज आला की आपण फसतो. रिकाम्या जागेत माणूस उभा राहतो."

ह्यांनी मान हलवली. "मला सगळं एकाच पोत्यातून ओतल्यासारखं येतंय."

"काका, तुमच्यासाठी हा खेळ नाहीच. एका कानाला रिकाम्या जागेतलं माणूस ऐकू येऊच शकत नाही. तुम्हाला मधला स्पीकर खराखुरा पाहिजे. संवाद सगळे त्यातून येतात."

हे त्याचं बोलणं मला पटलं. फसवाफसवी नको, खरा स्पीकर हवा. मोठा टीव्ही, त्याखाली मधला दणकट स्पीकर, पुढे दोन, मागे दोन, कोपऱ्यात घुमणारा एक खोका, आणि ह्या सगळ्यांचा म्होरक्या तो रिसीव्हर. सगळं मी बोटाने दाखवून निवडलं. डेसिबलने दोनदा दुसरं काही महागडं सुचवायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

३

लेकीची जुनी खोली आम्ही रिकामी केली. पलंग गेला, कपाट गेलं, भिंती उघड्या पडल्या. सामान आणण्याआधी डेसिबल एकटाच आला आणि खोलीभर फिरून टाळ्या वाजवायला लागला.

"आरती म्हणू का?" मी विचारलं.

"टाळीवरून खोली कळते, काकू. ऐका." त्याने दारापाशी टाळी वाजवली, ती टणकन भिंतीवर आपटून परत आली. खिडकीपाशी वाजवली, तिथेही तसंच. मग खोलीच्या मध्यावरून जरा डावीकडे सरकून वाजवली.

टाळी परत आलीच नाही. उशीवर हात मारावा तसा एक थप आवाज आला आणि संपला. त्याने परत वाजवली. परत थप. पावलाभराने बाजूला झाला की टणटणीत, त्या जागी आला की थप.

"वा!" डेसिबल म्हणाला. "ही जागा आवाज पिते. माणसं भरलेली असली की असं होतं. कपडे, अंग, केस आवाज शोषतात ना. रिकाम्या खोलीत कधी पाहिलं नाही बुवा."

मीही जाऊन वाजवली. तळहात चुरचुरले, पण आवाज निम्मासुद्धा आला नाही. मी खाली फरशी पाहिली, वर छत पाहिलं. मग ठरवलं की मागच्या भिंतीत पाण्याचा पाइप जातो, भिंत पोकळ असणार, त्यात आवाज शिरत असणार. पोकळ भिंत खोलीच्या मधोमध टाळी कशी गिळेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण घरात काम चालू असताना असल्या प्रश्नांना मी फार थारा देत नाही.

खुर्च्या तिथेच ठेवायच्या ठरल्या. तीन रिक्लायनर, एकमेकींना जोडलेल्या, बटण दाबलं की पायाखालची फळी गुर्रर्र करत वर येणाऱ्या. मधे हे, उजवीकडे मी.

"डावीकडे कोण?" डेसिबलने विचारलं.

"लेक येईल तेव्हा ती. एरवी रिकामी."

४

सगळी जोडणी झाल्यावर खोलीची मोजणी असते. तिपाईवर एक छोटा माइक लावतात, खुर्चीत आपला कान येतो त्या उंचीवर. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून भूँऽऽप असा आवाज सोडतो आणि माइकवरून ठरवतो, कुठला स्पीकर किती लांब, कुणाला किती जोर द्यायचा. तेवढा वेळ खोलीत चिडीचूप लागते. डेसिबलने पंखा बंद केला, आम्हाला दारापाशी उभं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मधली खुर्ची मोजून झाली. उजवी, माझी, झाली. डावीवर माइक ठेवला आणि पडद्यावर पाटी आली. खोलीत आवाज फार आहे, शांत राहा.

डेसिबलने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तोंडाला कुलूप लावून उभी आहे मी."

त्याने फ्रिज बंद करायला लावला. खिडकी घट्ट लावली. परत तीच पाटी. माइक बदलला, परत तीच. तोच माइक हातभर उजवीकडे मधल्या खुर्चीत सरकवला तर मोजणी बिनतक्रार झाली. डावीकडे आणला की शांत राहा.

तेवढ्यात हे वैतागून म्हणाले, "अगं, त्या बोलणारीला जरा गप्प बसायला सांग की. काम होऊ दे ह्याचं."

"कोण बोलणारी?" मी विचारलं.

ह्यांनी बोट उचललं आणि दाखवलं. चाचपडले नाहीत, इकडे-तिकडे पाहिलं नाही. सरळ डाव्या खुर्चीकडे. "ती. तिथली."

मग त्यांचं त्यांनाच काहीतरी जाणवलं असावं. ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. ज्या माणसाला इतक्या वर्षांत माझी हाक कुठून आली ते एकदाही सांगता आलं नाही, त्याने आवाजावर बोट ठेवलं होतं.

"वायरिंगमधून काहीतरी गुणगुणत असेल," डेसिबल म्हणाला. "ती खुर्ची सोडून देऊ का? नाहीतरी रिकामीच असणार ना?"

"दे सोडून," मी म्हणाले.

५

पण सुरुवातीचे दिवस काय सुखाचे गेले! सकाळ-संध्याकाळ माझे शिकाऊ ड्रायव्हर असायचे, दुपार मोकळी. जेवण झालं की पडदे ओढायचे आणि आमचा खेळ सुरू. मधल्या स्पीकरने खरंच कमाल केली. एका सिनेमात एक म्हातारा पत्र उघडतो, तर त्या कागदाची चुरचुर ह्यांना ऐकू आली. त्यांनी मला थांबवायला लावलं. "परत लाव. कागदाचा आवाज विसरलो होतो मी." आणि डोळे पुसले. मी त्याच संध्याकाळी लेकीला फोन करून तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला, तिची चांगली जिरवली.

मग एका दुपारी हे भलत्याच ठिकाणी हसले. पडद्यावर प्रेत निघालं होतं. हे मान खाली घालून, ओठ दाबून, वर्गात मागच्या बाकावर हसतात तसे हसत होते.

"काय झालं?"

"काही नाही," म्हणाले, पण खांदे हलतच होते.

मग त्यांची मान डावीकडे कलायला लागली. शेजारचं माणूस कानात काही सांगायला आलं की आपण त्याच्याकडे झुकतो, तशी. मला वाटलं, मणक्याचं काहीतरी असेल. उशी दिली. उशी त्यांनी मांडीवर घेतली आणि कललेलेच राहिले. मधेच हलकेच "हो ना" म्हणायचे. एकदा "चल, काहीतरीच!" म्हणाले आणि लाजले. साठी उलटलेला माझा नवरा, रिकाम्या खुर्चीकडे बघून लाजला.

मी डाव्या खुर्चीकडे बघायचे. खुर्ची, उशी, त्यावर पडद्याचा हलता उजेड. मला दोन चांगले कान आहेत आणि मला काडीचंही ऐकू येत नव्हतं.

६

कानातलं मशीन मला टेबलाच्या खणात सापडलं, रुमालात गुंडाळलेलं. मग आठवलं की गेले काही दिवस मला फार ओरडावं लागत होतं, आणि ओरडूनही हे नुसतंच "काय?" म्हणत होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हे काय चाललंय? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? कान शब्द विसरेल!"

ह्यांनी माझ्या ओठांकडे बघून अर्थ लावला आणि गोंधळून म्हणाले, "अगं, तूच तर म्हणालीस."

"मी?"

"गेल्या आठवड्यात, दुपारी. म्हणालीस, काढा ते, टोचतं ना, कशाला हवंय, मी आहे ना. किती गोड म्हणालीस." मग ते माझा हात धरून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं. मला डाव्या कानाने ऐकू येतं गं. फक्त त्या खोलीत. आणि फक्त तुझंच."

त्यांचा चेहरा उजळला होता. मी गोड बोलत नाही. उभ्या आयुष्यात बोलले नाही, आणि गोड बोलणाऱ्यांचा मला नेहमी संशय आला आहे. मी मशीन त्यांच्या कानात घातलं आणि डेसिबलला बोलावून घेतलं.

तो त्याचा रेकॉर्डिंगचा माइक आणि हेडफोन घेऊन आला. माइक डाव्या खुर्चीवर ठेवला. हे मधे बसले. मी दारात उभी राहिले आणि पुराव्यासाठी स्वतःच तोंडावर हात दाबून धरला. टीव्ही बंद होता.

डेसिबलने हेडफोन लावले. थोड्या वेळाने त्याचं तोंड उतरलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, तोंडावरचा हात काढू नका."

हे डावीकडे कलले होते. हसून, अगदी हळू म्हणाले, "कुठे आहेस?" एवढं मलाही ऐकू आलं. पुढचं नाही आलं.

डेसिबलने हेडफोन ओढून काढले आणि वायर गुंडाळायला लागला.

"काय ऐकलंस? बोल ना!"

"आवाज तुमचाच आहे, काकू. काका विचारतात कुठे आहेस, आणि तुम्ही म्हणता, इथे. एवढंच. इथे, मी इथे, मी इथे."

‘इथे’? मी? आमच्या घरात?

७

लेक म्हणाली, "विकून टाक सगळं. आजच्या आज." बिचारी घाबरली होती.

विकून काय होणार होतं? मी आधीच रिसीव्हरचा प्लग काढून खोलीला कुलूप लावून पाहिलं होतं. हे दाराबाहेर स्टूल घेऊन बसले, डावा कान लाकडाला लावून. जेवायला उठेनात. मशीन पुन्हा रुमालात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच कुलूप काढलं. माझ्या घरात मी कुणाच्या भीतीने कुलूप लावू? मी काय चोरी केली आहे? इतकी वर्षं ह्या माणसाच्या कानाशी मी घसा फोडून बोलले आहे. भाजीला मीठ कमी आहे का ते, लेकीचा निकाल, त्यांच्या आईच्या जाण्याची बातमी, सगळं ह्या तोंडाने त्या कानात घातलं आहे. आणि आता कोण कुठली येऊन माझाच आवाज लावून लाडीगोडी करणार, आणि मी खोली सोडून देणार? काय बिशाद आहे!

दुपारी पडदे ओढले. सिनेमा लावला. हे मधे बसले. मी डाव्या खुर्चीपुढे उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ऊठ. नवरा माझा आहे." आणि होत्या नव्हत्या वजनानिशी धपकन बसले.

खुर्ची गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. असू दे म्हटलं, बसले तर आहे. खुर्चीच्या हातावर कोपर रोवलं. ह्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अहो! मी! डावीकडे!" ह्यांची पापणीही हलली नाही. तो कान माझ्यासाठी होता तसाच मेलेला होता. पण निदान तिची जागा मी अडवली होती. ह्यांची मान सरळ झाली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग गुर्रर्र आवाज आला.

उजव्या खुर्चीची फळी वर येत होती, ह्यांच्या पलीकडच्या, माझ्या खुर्चीची. हे उजवीकडे वळले, चांगला कान तिकडे केला, आणि म्हणाले, "आलीस का? बरं झालं. तुझ्याशिवाय ह्या बाजूला करमत नाही."

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते, समोरचा चुकला म्हणून त्याच्यावर चालून जाताना आपली बाजू सोडायची नाही. आणि मी ती सोडली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

८

मी उठले. पडद्यासमोरून पलीकडे गेले. सिनेमात दिवस उजाडत होता, खोलीत पांढरा उजेड पडला, आणि त्या उजेडात वर आलेल्या फळीवर मला दोन पाय दिसले.

पायच तेवढे. टाचा भेगाळलेल्या. उजव्या पायाचा अंगठा आत वळलेला. तो कसा वळला ते मला ठाऊक आहे, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून वळला. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय माझ्याखाली, फरशीवर होते. फळीवरच्या त्या पायांच्या वर, खुर्चीत काय होतं तिकडे मी बघितलं नाही. घाबरले होते, सांगायला लाज नाही. पण पळाले नाही. पाठ वळवली आणि तिथेच, त्याच्यावर, बसले.

भरल्या बसमध्ये कुणी हटून बसलेलं असलं की आपण बूड टेकवतो आणि ते माणूस मग नाइलाजाने सरकतं, तसं काहीतरी माझ्याखालून सरकलं. ह्यांच्या अंगावरून पलीकडे गेलं. ह्यांची मान डावीकडे झुकली. डावी फळी गुर्रर्र करत वर आली.

माझी जागा मला मिळाली होती. मी सोबत आणलेलं मशीन ह्यांच्या उजव्या कानात कोंबलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अहो! मी आहे! उजवीकडे! तुमच्या उजवीकडे!"

हे दचकले. कपाळाला आठ्या घातल्या. मग डाव्या खुर्चीकडे वळून, हळूच, माझ्याशी बोलतात त्या आवाजात विचारलं, "अगं, माझ्या उजवीकडे कोण ओरडतंय?"

तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ह्यांनी मात्र समजल्यासारखी मान हलवली.

ह्याला आता बरेच दिवस झाले. स्वयंपाकघरात मी समोर असले की हे मला ओळखतात, चहा मागतात. हाक मारून पत्ता सांगितला तर मात्र आता कळत नाही, नुसते बघतात. आणि दुपार झाली की उठून खोलीत जातात. मी दुपारी दुसरं कुठलंही काम घेत नाही. मीही जाते. उजव्या खुर्चीत बसते, मशीन ह्यांच्या कानात घालते, त्यांनी काढलं की परत घालते, आणि ओरडते. भाजीवाली काय म्हणाली ते ओरडून सांगते. लेकीला बढती मिळाली ते सांगते. आज गाडी कुणी भिंतीला घासली ते सांगते, शिव्यांसकट. प्रत्येक वाक्याआधी पत्ता. "अहो! मी! उजवीकडे!" घसा बसतो, रात्री मीठ-पाण्याच्या गुळण्या करते, दुसऱ्या दिवशी परत बसते. ती गोड बोलते म्हणे. बोलू दे. तिला घसा नाही, मला आहे.

काल हे डावीकडे कलून बोलत होते. मी नळाला पाणी नाही म्हणून नगरसेवकाचा उद्धार करत होते. हे मधेच थांबले. मान थोडी सरळ झाली.

"ती बाई रोज का येते गं?" त्यांनी डावीकडे विचारलं. उत्तर येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "नको, नको घालवूस. आवाज ओळखीचा वाटतो."

ओळखीचा वाटतो! मी डोळे पुसले, मशीन नीट बसवलं आणि आवाज आणखी चढवला.